सूर्यावरचा डाग आणि मामींची बोरमाळ

मला माझ्या साडूचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला साधुसंत समजून पुढचं वाचायला नको. थोडाथोडका नाही. त्याचा आवाज फोनवर नुसता ऐकू आला तरी माझं तोंड कडू होतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नांदूरघाटला त्याचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मी केज तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आम्हा दोघांची सासुरवाडी एकच, लिंबागणेश. सासऱ्यांचं तिथं किराणा दुकान आहे आणि दुकानामागंच घर. त्यांना पोरगा नाही, दोन पोरी. थोरली मला दिली, धाकटी त्याला. घरात दोनच जावई असले की ते घर दुकानातल्या तराजूसारखं होतं. एक पारडं वर गेलं की दुसरं आपोआप खाली. माझं पारडं तीन वर्षांपासून कुठं आहे ते मी सांगायला नको.

आणि यातली सगळ्यात जळजळीत गोष्ट अशी की त्याला वर चढवला मीच.

मागचा अधिक महिना श्रावणात आला होता. अधिकात जावयांना धोंडे खायला बोलावतात आमच्याकडं. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, दिवा, कपडे, असा सगळा थाट. त्या साली थाट होता पण पाऊस गायब होता. भर श्रावणात उन्हाळ्यासारखी धूळ उडत होती. जेवणं झाल्यावर आम्ही सगळे दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, रिकाम्या आभाळाकडं बघत मला म्हणाले, "पाऊस कावून न्हाई हो सर? तुमचं शास्त्र काय म्हनतं?"

मामा मला सर म्हणतात. सासूबाई, म्हणजे मामीसुद्धा सरच म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सर.

आता मास्तरला असं कुणी विचारलं की तो काय गप्प बसतो होय! मी सुरू झालो. म्हटलं, मामा, पावसाची कारणं पुष्कळ आहेत. समुद्र तापणं आहे, वारं आहे. पण एक गंमत सांगतो. लांब कुठंतरी तारे फुटतात आणि त्यांचे बारीक कण सगळ्या विश्वात उधळले जातात. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. ते आत्तासुद्धा आपल्यातून आरपार चाललेत, तुमच्या साखरेच्या पोत्यातूनही चाललेत. मामांनी पोत्याकडं वळून बघितलं. मी पुढं सांगितलं, की हे किरण हवेत घुसले की हवेच्या कणांना वीज चढते. ढगाचा थेंब धरायला काहीतरी बारीक कण लागतो, धुळीचा म्हणा, मिठाचा म्हणा. असले कण तयार व्हायला या किरणांची मदत होत असेल, असं काही शास्त्रज्ञांना वाटलं. आता यात सूर्य कुठं आला? तर सूर्यावर डाग पडतात. साधारण अकरा वर्षांत ते वाढतात आणि कमी होतात. डाग वाढले की सूर्याचा जोर वाढतो, त्याचं वारं आणि चुंबकत्व लांबवर पसरतं, आणि उफणताना वारं भुसा लांब उडवून लावतं तसे हे बाहेरचे किरण बाजूला सारले जातात. म्हणजे डाग जास्त तर किरण कमी, आणि किरण कमी तर ढग कमी, असा तो तर्क.

साडू माझ्यासमोर बसून तोंड उघडं टाकून ऐकत होता. माझ्या आयुष्यात एवढं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या वर्गात तर नाहीच नाही.

मग मी म्हटलं, "पण." आणि माझं खरं सांगणं त्या 'पण'नंतरच होतं. पण बंद टाकीत हवा भरून लोकांनी प्रयोग केले तेव्हा या किरणांची मदत फार थोडी निघाली. कण जन्मतो, पण ढगाचा थेंब धरण्याइतका मोठा होईलच असं नाही. डाग आणि ढग यांचं नातं अजून पक्कं ठरलेलं नाही. आणि ठरलं तरी त्यावरून लिंबागणेशला मंगळवारी पाऊस पडेल की नाही हे कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही.

माझा 'पण' सुरू झाला तेव्हा साडू पान आणायला उठून गेला होता.

काही दिवसांनी मामांनीच मला फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला. मागं फवारणीचे पंप टांगलेले, पुढं हा पठ्ठ्या गळ्यात गमछा टाकून उभा. "राम राम मंडळी! सूर्यावर डाग वाढलेत बगा. डाग वाढले, किरण अडले, ढग रोडावले! आजून पंदरा दिस पावसाची आशा करू नका." मी बघतच राहिलो. वैश्विक किरण होते, फुटलेले तारे होते, साखरेची पोतीसुद्धा होती. माझं सगळं उचललं होतं गड्यानं, फक्त 'पण' तेवढा माझ्याकडं ठेवला होता.

आणि पाऊस नाही आला! तो तसाही येणार नव्हता, त्या साली सगळ्या मराठवाड्यानं आभाळाकडं डोळे लावले होते. पण हा नाही म्हणाला आणि नाही आला, एवढंच लोकांनी धरलं. झालं, नांदूरघाटच्या दुकानात त्याला बघायला माणसं यायला लागली. पुढच्या साली डाग आणखी वाढले, म्हणजे त्याच्या हिशोबानं कोरडं जायला हवं होतं. पडला की धो धो! मला वाटलं, सापडला आता. मी मुद्दाम फोन केला, आवाजात काळजी आणून विचारलं, "काय हो, डाग तर लई हायत, मग हा पाऊस?" तर म्हणतो, "सर, सूर्यानं मधीच वादळ फेकलं, त्यानं गनित फिरलं." आणि हेच त्यानं व्हिडिओत सांगितलं आणि लोकांनी मान्यसुद्धा केलं! चुकला तरी लोक त्याच्यावर माया करतात. मी बरोबर असतो तर पोरं वहीवर रेघोट्या मारतात.

एकदा मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो होतो. गल्ल्यावरच्या माणसानं माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाला, "तुमी पावसावाल्या भाऊंचे साडू ना? एका लग्नात बगितलंतं तुमाला." मग आतल्याला ओरडला, "ये, भाऊंचे साडू आलेत, चहा पेशल टाक बे!" मी वीस वर्षं शिकवतोय. याच ढाब्यावर माझे निदान दोन विद्यार्थी जेवत बसले असतील. त्यातला एकही 'सर' म्हणून उठला नाही. तो स्पेशल चहा मी प्यायलो. साखर जास्त होती.

घरीसुद्धा तेच. परवाच्या उन्हाळ्यात बायकोला कुरडया घालायच्या होत्या. तिनं फोन लावला तो थेट नांदूरघाटला. "दाजी, आज वाळवन घालू का? येतंय का काही?" मी समोर वर्तमानपत्र धरून बसलेलो! म्हटलं, "घरात फिजिक्सचा माणूस बसलाय, त्याला विचारायला जीभ झडती का?"

"तुमाला विचारलं की तुमी 'सांगता येत नाही' म्हनता," ती म्हणाली. "मग मी चीक शिजवून काय तुमच्या डोक्यावर घालू?"

सांगता येत नाही हेच खरं होतं. पण खऱ्यावर कुरडई वाळत नाही.

आता साडू नुसता व्हिडिओवाला असता तर मी एवढा जळलो नसतो. तो दर आठवड्याला लिंबागणेशला जातो. आल्या आल्या चुलीपाशी बसतो, डब्यात हात घालून शेव काढून खातो, मामींना म्हणतो, "काय बनवलंय? एवढंच? भजी तळा की." मामींना मोबाईलमधलं बारीक दिसत नाही, म्हणून तो त्यांना रोज आपल्या आवाजात निरोप पाठवतो, आणि त्या भाजी निवडताना ते ऐकतात. मी गेलो की माझ्यासाठी आतून खुर्ची येते. खुर्चीवर धुतलेला टॉवेल टाकला जातो. मी बसतो. पाव्हण्यासारखा.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचं बोलावणं आलं आणि आम्ही आदल्या दिवशी दुपारनंतरच पोचलो. साडू आणि मेव्हणी दुसऱ्या दिवशी येणार होते. मी पिशवीत दोन डोळ्यांची दुर्बीण घेतली होती. खरं कारण सांगतो: दुर्बिणीतून सूर्याचं चित्र पांढऱ्या कापडावर पाडता येतं आणि त्यावर डाग दिसतात. धोंड्याच्या पंगतीआधी सगळ्यांसमोर, त्याच्या नाकावर टिच्चून, डाग म्हणजे काय ते मी दाखवणार होतो. आणि सोबत माझा 'पण' सुद्धा सांगणार होतो, या वेळी दार लावून.

खुर्ची आली, टॉवेल आला, पाणी आलं. बायको आत गेली आणि थोड्या वेळानं बाहेर आली ती डोळे लाल करून.

"आई बोरमाळ मोडतीय," ती म्हणाली.

मामींची बोरमाळ म्हणजे बोरासारख्या सोन्याच्या मण्यांची माळ, त्यांना त्यांच्या आईकडून आलेली. त्यांच्या अंगावर जुना असा तेवढाच डाग, म्हणजे दागिना. माझी बायको लहानपणी तापानं फणफणली की मामी ती माळ तिच्या गळ्यात घालून निजवायच्या. ही तुझी बरं का, असं त्यांनी तिला तेव्हापासून सांगितलेलं. धाकटीलाही ते ठाऊक होतं आणि तिची कधी तक्रार नव्हती.

"कावून मोडतायत?"

"दाजींनी डाग मागितलाय धोंड्याला. मोठा पायजे म्हनं. आई उद्या सकाळीच बीडला सोनाराकडं जाऊन माळ देती आन् त्यांच्यासाठी तयार गोफ घेऊन येती."

खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा आनंद झाला. असा आनंद की उठून नाचावंसं वाटलं. सापडला! एवढा मायेचा, एवढा घरचा, आणि शेवटी सोन्याला भुकेला निघाला ना! लग्नात मी सुतळीचा तोडासुद्धा घेतला नव्हता, त्याचा अभिमान छातीत एकदम वर आला. मग मी विचारलं, "आन् मला काय?"

"तुमाला कापड. आई म्हनली, सर काय घेत न्हाईत, सरांना कापड चालतं."

अभिमान जागेवर बसला. म्हणजे मागणाऱ्याला गोफ आणि न मागणाऱ्याला शर्टपीस!

"पन त्यानं मागितलं कसं? तोंडानं?"

बायकोनं मामींचा फोन आणला आणि त्याचा निरोप लावला. साडूचा तो खणखणीत आवाज: "मामी, यंदा धोंड्याच्या दिवशी मोठा डाग पायजे बगा मला! बारीकसारीक न्हाई चालायचा, सगळी मानसं बगनार हायत. गेल्या टायमाला बारीक होता, कुनाला दिसलाच न्हाई, लई इज्जत गेली माजी. मोठा असला तर बरं, न्हाईतर मग पुढच्या टायमाला बगू. ठिवतो."

पहिल्या वाक्यालाच माझ्या डोक्यात उजेड पडला. हा गडी धोंड्याच्या दिवशी सासुरवाडीच्या गच्चीवरून व्हिडिओ करणार होता. त्याला सूर्यावर मोठा डाग हवा होता! मामींनी त्याचे व्हिडिओ कधी बघितलेच नव्हते. त्यांच्या आयुष्यात डाग एकतर कपड्याला पडतो नाहीतर अंगावर घालतात. धोंड्याला जावई मोठा डाग मागतोय म्हणजे तो सोन्याचाच असणार, दुसरं काय.

बायको माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "चहा टाक जरा."

तो चहा मी सावकाश प्यायलो. हिशोब सरळ होता. मी बोललो तर बोरमाळ वाचते आणि साडूही वाचतो, उलट आणखी गोड होतो. मी गप्प बसलो तर माळ जाते, पण त्याची हाव घरातल्या सगळ्यांच्या मनात कायमची बसते. तीन वर्षांत असा मोका आला नव्हता. पण समोर बायको पदरानं नाक पुसत उभी होती, आणि ती माळ तिची होती. मी कप खाली ठेवला.

"तो डाग सोन्याचा न्हाई," मी म्हटलं. "सूर्यावरचा हाय."

बायकोला समजायला थोडा वेळ लागला. मग ती "अगं बाई!" करून तोंडावर हात ठेवून खाली बसली आणि आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "मला काय सांगताय, आईला सांगा!"

मामी आत अनारसे तळत होत्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, घामानं अर्धे पुसलेले. मी दारात उभा राहून सांगितलं. त्यांनी झारा थांबवला.

"सूर्याला डाग?"

"हो मामी. काळे डाग असतात."

"मी रोज पानी घालते त्याला सर. एवढी वर्सं झाली. मला न्हाई दिसला कदी डाग." त्यांनी अनारसा उलटला. "आन् धोंड्याच्या महिन्यात सूर्यनारायनाला डाग लावू नका. तुमी साडूची बाजू घेताय, मला समजतंय. चांगलं हाय. पन त्यानं मागितलंय तर मी देनार."

घ्या! मी त्याची बाजू घेतोय! मी! जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, "उद्या सकाळी बीडला जायच्या आधी पाच मिनिटं द्या. डोळ्यांनी दाखवतो."

"बगू," मामी म्हणाल्या.

सकाळी आभाळ निरभ्र होतं. मी गच्चीवर बाज उभी करून तिच्यावर मामांचं पांढरं धोतर ताणून बांधलं. दुर्बिणीचं एक भिंग कागदानं झाकलं आणि ती रिकाम्या डब्यावर टेकवून सूर्याकडं रोखली. सगळ्यांना आधी दम दिला, की दुर्बिणीला कुणी डोळा लावायचा नाही, आंधळं व्हायला होईल. सूर्याकडं पाठ करायची आणि धोतराकडं बघायचं. मामी जायच्या तयारीत होत्या, चांगलं लुगडं नेसलेल्या. रुमालात गुंडाळलेली बोरमाळ त्यांच्या मुठीत होती. बायको जिन्याच्या दाराशी उभी होती.

धोतरावर उजेडाचा गोल आला. थरथरत होता. मी भिंग फिरवून त्याची कड साफ केली, आणि खरंच, डाग होता! गोलाच्या मधल्या भागात थोडा बाजूला एक चांगला काळा ठिपका, आणि त्याच्यामागं दोन बारके. साडूच्या नशिबाला काय म्हणावं? त्याला मोठा हवा होता आणि सूर्यानंही त्याला मोठाच दिला होता!

"धोतरालाच पडला असंल डाग," मामी म्हणाल्या.

मी धोतर हलवलं. कापड हललं, ठिपका गोलातच राहिला. मामी पुढं आल्या. त्यांनी हात पुढं केला आणि सूर्याचा गोल त्यांच्या तळव्यावर आला, डागासकट. त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं तो पुसून बघितला.

"जात न्हाई," त्या म्हणाल्या.

"आपली पृथ्वी त्याच्यात बसंल मामी, एवढा असतो तो."

त्या हाताकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता हसतील, देवा म्हणून माळ छातीशी धरतील, आणि म्हणतील की सर तुम्ही होता म्हणून. मी तशा बेतानं उभा होतो.

"म्हंजे," मामी हळू म्हणाल्या, "त्यानं मागितलंच न्हाई?"

"न्हाई."

त्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसल्या. चेहरा उतरला होता. मला काही समजेना. म्हटलं, "मामी, बरंच झालं की! माळ वाचली."

"माळ वाचली," त्या म्हणाल्या. "पन मला वाटलं, मागितलं बया एकानं." मग रुमालाच्या गाठीशी चाळा करत त्या खाली बघून बोलत राहिल्या. "त्याचा निरोप आला तवा आधी राग आला मला. मग वाटलं, असू दे. पोरगा असता तर डोक्यावर बसून मागितलं असतं. भांडला असता, रडवलं असतं मला, शेवटी घेऊन गेला असता. दोन दिस लई बरं वाटलं सर. कुनीतरी मागतंय. तो शेव मागतो, भजी मागतो, ते खाण्याचं झालं. तुमी तर पानीसुद्धा मागत न्हाई. हिला खुनावता, मग ही आनून देती. मी तांब्या घेऊन आतच उभी असते."

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

माझं काय झालं ते सांगतो. मला वाईट वाटलं, पण त्याच्याही आधी मला साडूचा हेवा वाटला. असा हेवा मला त्या सगळ्या व्हिडिओंचाही वाटला नव्हता. काही न मागता या माणसाला मागितल्याचं पुण्य मिळालं होतं! दोन दिवस तो या घरातला पोरगा झाला होता, आणि त्याला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. आणि मी, काही न घेणारा, खुर्चीवरच्या टॉवेलावर बसणारा, मी इतकी वर्षं ज्याची फुशारकी मारली त्याचंच या बाईला दुखत होतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मला पायजे."

"काय?"

"बोरमाळ. मला पायजे ती."

"अहो!" बायको ओरडली. "काय बोलताय?"

"तू मधी बोलू नको. मी मागतोय, तू न्हाई." माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता. "मामी, मी थोरला जावई हाय. त्याच्या आधी या घरात आलोय. गोफ-बिफ काय न्हाई, ती माळच पायजे मला, मोडायची न्हाई. हिला द्यायची म्हनून न्हाई, मला द्या. मग मी हिला घालंन न्हाईतर खुंटीला टांगंन."

मामी बघत राहिल्या. वरून एक पाखरू ओरडून गेलं तेवढा वेळ मला वाटलं, मेलो आपण, इज्जतीचा पंचनामा झाला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी रुमालाची गाठ दातांनी सोडली, माळ बाहेर काढली आणि लुगड्याचा पदर सारून स्वतःच्या गळ्यात घातली. मागचा दोरा बायकोनं बांधला.

"न्हाई देत जा," त्या म्हणाल्या. "आजून मलाच घालायचीय."

"कावून न्हाई?"

"माजी हाय म्हनून न्हाई. मागत रहा दरसाल." डोळे पुसत त्या उठल्या. "आन् बसू नको इथं नुसता. खाली जा, दुकानातनं वेलदोडे घेऊन ये, पुरनात टाकायचे राहिलेत. धोतर बी सोड ते, मामांना नेसायचंय."

मी धोतर सोडलं. खाली जाऊन वेलदोडे आणले. मामांनी विचारलं, बीडचं काय झालं, म्हटलं, रद्द. त्यांनी माझ्या हातातली पुडी बघितली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला साबण दिला.

साडू आला तोवर आभाळ भरून आलं होतं. सूर्यावर एवढा मोठा डाग असताना सगळीकडं काळे ढग! तो मोबाईलचा स्टँड घेऊन गच्चीवर गेला, इकडून तिकडून मान वर करून बघितलं आणि खाली आला. म्हणाला, "सूर्यानं दगा दिला सर." 'पण' सांगायची ही खरं तर चांगली वेळ होती, दारही लावलेलं होतं. पण मला पाणी हवं होतं. मी आत तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "मामी, पानी!"

पंगतीला आम्ही शेजारी शेजारी बसलो. मामी तांब्या घेऊन आल्या, वाकून माझ्या फुलपात्रात पाणी ओतलं. गळ्यात माळ होती. मग त्या साडूच्या ताटात अनारसे वाढायला वळल्या आणि त्याला म्हणाल्या, "तुला ठावं हाय का रे? ह्यानं सकाळी माजी बोरमाळ मागितली. सरळ तोंडावर! म्हनला, मोडायची न्हाई, मलाच पायजे."

त्यांच्या आवाजात असला तोरा मी कधी ऐकला नव्हता. साडूचा हात ताटावर थांबला. त्यानं आधी मामींकडं बघितलं, मग माळेकडं, मग माझ्याकडं.

"मग दिली का तुमी?" त्यानं विचारलं.

"न्हाई दिली," मामी म्हणाल्या. "पन मागितली."

साडूनं अनारसा तोडला आणि परत ताटात ठेवला. मग तो बराच वेळ काही जेवला नाही.